तिसऱ्यांदा न वाचलेली नावं

दाविद,

तुला माती देऊन आठवडाही झाला नाही आणि लोक मला भेटायला यायला लागलेत. आधी केडगावला तुझ्या आईकडे जातात, तिथे बसतात, रडतात, आणि नगरात परतताना आमच्या दारात रिक्षा थांबवतात. काल सिंधूबाई आल्या. आपल्या चर्चच्या मंडळीत कुणाच्याही दुःखात पहिल्यांदा धावून जाणाऱ्या बाई त्या. हातात डबा, डब्यात पिठलं-भाकरी. ज्या घरातलं माणूस जातं तिथे चूल पेटवू देत नाहीत, म्हणून आणलेली. इकडे आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू. वहिनीनं डबा हातात घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. दादा बनियनवरच बाहेर आला. "आमच्याकडं कोण गेलंय?" त्यानं विचारलं. सिंधूबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो आत जाऊन शर्ट घालून आला.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. माझी फजिती झाली की तुला फार आनंद. पण मला हसू आलं नाही. मी ताटात भाकरी कुस्करली आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ली. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रड बाई, मोकळी हो." मोकळी हो म्हणे. तेवढंच तर इतकी वर्षं मी तुझ्याकडे मागत होते.

लोक चुकले असं तरी कसं म्हणू? त्यांनी कबरस्तानात जे बघितलं त्यावरून दुसरं काय वाटणार? शवपेटी खाली सोडली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि माती टाकायला घरच्यांना पुढे बोलावलं. पहिली मूठ घरच्यांची, मग बाकीच्यांनी टाकायची. तुझी बहीण रुता कोपरगावहून यायची होती, त्यांची गाडी वाटेत बंद पडलेली. म्हणून घरचं माणूस म्हणजे एकटी तुझी आई, शांतामावशी. ती काठी टेकत पुढे आली, खड्ड्यापाशी थांबली, आणि मागे वळून गायनमंडळात माझ्यापर्यंत आली. माझं मनगट धरलं. "आधी इस्तेर टाकंल," ती म्हणाली. सगळी मंडळी बघत होती. मी हात सोडवून घेतला असता तर कसं दिसलं असतं? मी वाकले, माती उचलली आणि टाकली. मी तुझी कोण हे त्या एका मुठीनं ठरवून टाकलं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

विधवा म्हणावं, तर लग्न झालं नाही. कुणी नाही म्हणावं, तर पहिली माती माझी. आता सांग, मी कोण?

आठवतं ना, पहिला रविवार? लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. दुसऱ्यांची नावं वाचली जाताना आपण दोघं लांबूनच खुणा करायचो. आपली वाचली तेव्हा मी हार्मोनियमवर बसले होते. सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या आणि मी उगाच भाता हलवत बसले, नुसती हवा. तू पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, केसांना पाणी लावून बसवलेले, मान खाली. तुला लाजताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणालास, "हरकत कुणी घेतली न्हाई. आता तूच घे, शेवटची संधी हाय." मी म्हटलं, "दोन रविवार आहेत अजून, बघते." इतकी बावळट होते मी, की मला वाटलं हरकत घ्यायचा हक्क माझ्याकडे आहे.

दुसऱ्या रविवारीही वाचली. घरी बाबांनी बुंदीवाल्याला सांगून ठेवलं. वहिनीनं माझ्यासाठी बांगड्यांचं माप नेलं.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्या सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा, पाण्याची टाकी धुवायची म्हणून तरुणांनी शनिवारी यावं, कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा. आणि आशीर्वाद देऊन उपासना संपवली. मला वाटलं विसरले. खरंच वाटलं, दाविद. मी हार्मोनियम झाकत होते तेव्हा बाबा पाळकसाहेबांकडे हसत हसत गेले, आणि परत आले तेव्हा हसत नव्हते. तू बाहेर सायकलींपाशी कडुनिंबाखाली उभा होतास. म्हणालास, "आई म्हणती, रुताचं आधी उरकू. घरात पोरगी असताना सून कशी आणायची? मी साहेबांना सांगितलं, जरा थांबा." मी विचारलं, "मोडलं का?" तू केवढा चिडलास! "मोडलं कोण म्हणलं? फक्त थांबवलंय. बघू पुढच्या रविवारी."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते अजून अर्धंच आहे. तुझं म्हणणं, थांबवणं वेगळं, मोडणं वेगळं. माझं म्हणणं, तिसरं वाचन थांबवायचं तर पहिल्या दोनांची लाज कुणी निस्तरायची? मंडळीचे पंच म्हणाले, तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नावं परत पहिल्यापासून वाचावी लागतात, जुनी रद्द धरतात. वहीत रद्द झाली असतील. पण मंडळीतल्या बायका काही वही बघून बोलत नाहीत. त्यांनी दोनदा कानांनी ऐकलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या बोलण्यात "दाविदची इस्तेर". आणि तू मात्र नुसता दाविद.

रुताचं लग्न झालं. मी तिच्या लग्नात हार्मोनियम वाजवली आणि वाटलं, आता आपली पाळी. मग मावशी मोरीत घसरून पडली, पाय मोडला. मग तुमच्या घराचा स्लॅब. मग कारखान्यात तुमचा संप, लेथ बंद, पगार बंद. दर वेळी कारण खरंच असायचं, हीच तर पंचाईत. तू लबाड असतास तर माझं काम सोपं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या आणि सुटले असते.

अकोले तालुक्यातले एक शिक्षक सांगून आले होते, आठवतात? राजूरच्या बाजूला शाळेवर होते. साधा माणूस, बायको वारलेली. त्यांची माणसं आमच्या घरी यायच्या आधी चर्चमध्ये चौकशीला गेली आणि सिंधूबाईंनीच त्यांना सांगितलं, तिची नावं वाचलीत की दाविदबरोबर. ती माणसं आमच्या दारापर्यंतही आली नाहीत. बाबांनी त्या दिवशी पोहे तसेच ठेवले. मी तडक केडगावला आले. तू अंगणात सायकलची साखळी बसवत होतास. मी म्हटलं, "दाविद, पंचांना जाऊन सांग, मोडलं म्हणून. नाहीतर सांग, करायचंय म्हणून. दोन्हीतलं एक, मला चालेल." मला चालेल म्हटलं होतं मी, आणि खोटं नव्हतं ते. तू काळ्या हातांनी कपाळ पुसलंस, सगळं कपाळ काळं. "तोंडानं कसं बोलू गं तसं? तुझ्याबद्दल? माझ्यानं न्हाई व्हायचं." आणि डोळ्यांत पाणी आणलंस. मी ओढणीनं तुझं कपाळ पुसलं. भांडायला आले होते मी.

पुढच्या वर्षी माझीच बदली निघाली, राजूरजवळच्या एका वाडीतल्या शाळेवर. मला वाटलं, देवानंच दार उघडलं. शनिवारी सरावाला मी सगळ्यांना सांगितलं. बाकीचे म्हणाले, वा. तू झांजा पिशवीत घातल्यास आणि माझ्यामागून फाटकापर्यंत आलास. "जाऊ नकोस. गायनमंडळ बुडंल," म्हणालास. गायनमंडळ! 'मी बुडेन' असं म्हणाला असतास तरी मी त्याचं काही केलं असतं. पण मी दादाला पुढे घालून बदली रद्द करून घेतली. दादानं मला त्याबद्दल अजून क्षमा केलेली नाही, आणि वहिनीनं तर अजिबात नाही. दोन खोल्यांच्या घरात नणंद कायमची, तिचंही काय चुकलं?

हे वाचून तू म्हणशील, इस्तेर नुसतं माझ्या नावानं खडे फोडतीय. थांब, ते पण सांगते.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू कामावरून थेट तिकडे यायचास. दादाला रजा मिळत नव्हती. तू त्यांना उचलून बसवायचास, दाढी करायचास, मोसंबी सोलून एकेका फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढून भरवायचास. बाबा तुझ्याशी बोलत नव्हते त्या काळात. तोंड उघडायचे, फोड घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. तुला त्याचं काही नाही. एकदा त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "आज उशीर का केला?" तू बाहेर येऊन मला ते सांगितलंस, इतका खुलला होतास. माझ्या बापाचं शेवटचं आजारपण तू काढलंस. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, तुलाही नाही. आता म्हणते. तू फार चांगला माणूस होतास, दाविद. फक्त माझ्या वाट्याला तुझं चांगुलपण आलं आणि तू आला नाहीस.

आणि मला तू आवडायचास. हेही एकदा लिहून टाकते. तीन रविवार, पंच, मावशी, सगळं बाजूला ठेवलं तरी मला तू आवडायचास. शनिवारी सरावाला तुझी सायकल कुंपणाला टेकल्याचा आवाज आला की माझी बोटं गार पडायची. लग्नाच्या वयात पडायची आणि केस पिकायला लागल्यावरही पडायची. याची मला लाज वाटते, आणि रागही येतो.

मागच्या महिन्यात सरावाला आलास तर डोळे हळदीसारखे. मी सगळ्यांसमोर ओरडले. "सोमवारी जातो डॉक्टरकडं," म्हणालास. तो सोमवार गेला. कुणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं, दूध-भात खा म्हणाले, तू खात बसलास. दवाखान्यात नेलं तेव्हा पोट फुगलेलं होतं. मी भेटायला आले त्या दिवशी घरातून ठरवून निघाले होते. विचारायचंच. आता नाही तर कधी? मावशी कॅन्टीनला चहा आणायला गेली, आपण दोघंच उरलो. तू डोळे उघडलेस. "इस्तेर," म्हणालास. मी म्हटलं, "बोल." तू कितीतरी वेळ छताकडे बघत राहिलास, ओठ हलत होते. आणि मी काय बोलले? "मोसंबी सोलू का?" तू मान हलवलीस. मी सोलली, पापुद्रे काढले, तुझ्यासारखेच. तू अर्धी फोड खाल्लीस आणि झोपी गेलास. मरणाऱ्या माणसाला मी हिशेब विचारला नाही, म्हणून मी स्वतःवर खूश आहे की नाही, हे मला अजून कळत नाही.

त्या दिवशी तू काय म्हणणार होतास? नुसतं पाणीच मागणार असशील. तुझा काही भरवसा नाही.

अंत्यविधीला गाणं मीच बसवलं, तुझ्या आवडीचं. आणि फजिती ऐक. मी सवयीनं हार्मोनियमवर काळी एक धरली. तुझी पट्टी. इतकी वर्षं दुसरी धरलेलीच नव्हती. पहिली ओळ सुरू झाली आणि कुणालाच गाता येईना, बायकांना खाली जमेना, वर पोचता येईना, पुरुषांत तर धरून नेणारा तूच नव्हतास. गाणं मध्येच बसलं. पाळकसाहेबांनी हळूच खुणावलं, वर घ्या. मी वर घ्यायला गेले तर बोटं थांबली, कारण माझा स्वतःचा आवाज कुठल्या पट्टीत आहे हेच मला आठवेना. शेवटी सिंधूबाईंनी त्यांना झेपेल तसं सुरू केलं आणि मी त्यांच्यामागून चाचपडत गेले. लोक म्हणाले, बिचारी, दुःखानं गोंधळली.

आणि त्यानंतर ती माती.

म्हणून आज दुपारी मी केडगावला गेले. मनाशी पक्कं केलं होतं. तू बोलला नाहीस ना? मग मी बोलणार. मावशीला सांगायचं, येत्या सभेत पंचांना सांगायचं, सिंधूबाईंना पिठल्याचा डबा परत करताना सांगायचं. मोडलं. मी मोडलं. बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं, शेजारची बाई सरकून बसली.

मावशी उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत होती. तुझा पांढरा शर्ट दोरीवर होता. कुणी धुतला असेल, कशासाठी, देव जाणे. रुता कालच परत गेली, पोरांच्या परीक्षा. मी टेकले आणि लगेच म्हणून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. "मावशी, आमचं ते नावं वाचलेलं. ते मी मोडलं असं पंचांना सांगणार आहे."

ती थांबली नाही, खडे वेचत राहिली. "कुनाशी मोडतीस?" ती म्हणाली. "त्यो हाय का आता?"

मोडायला समोर माणूस लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "रुताच्या टायमाला म्याच आडवी पडले. पन मागनं म्याच त्याला म्हनले हुते गं. म्हनलं, दाविद, लई झालं, लगीन कर, न्हाईतर पोरीला मोकळी कर. तिचं वय चाललंय. दोन-तीन बारी म्हनले."

"मग?"

"मग काय? हसला. म्हनला, आई, तू कशाला काळजी करती? ती कुठं जातीया."

तिनं ते सहज सांगितलं, कौतुकानं. पोरगा किती विश्वास ठेवायचा माझ्यावर, अशा सुरात. सूप झटकलं आणि पुन्हा मांडीवर घेतलं.

दाविद, मी तुझ्यासाठी रडले होते. दवाखान्याच्या जिन्यात रडले, शाळेत फळ्याकडे तोंड करून रडले. मला वाटायचं, तुझ्यानं बोलवत नाही, तुला माझं मन मोडवत नाही, तू आत कुठेतरी माझ्यासारखाच तडफडतोस. मी अडकले तसा तूही अडकलास, असं मानून मी दिवस काढले. आणि तू निवांत होतास! दोरीवर वाळत घातलेल्या त्या शर्टासारखी मी तुझी होते, केव्हाही काढून अंगात घालता आली असती. तू आत्ता समोर असतास तर मी तुझ्या कानाखाली वाजवली असती, तुझ्या आईदेखत.

मी उठले. "इस्तेर, अगं चहा?" मावशी म्हणाली. मी चपला पायात सरकवल्या आणि निघाले. तुमच्या गल्लीतून पुणे रोडपर्यंत अक्षरशः धावत गेले. नगरकडे जाणारी जीप उभीच होती. "चला, नगर, नगर, एक शीट," ड्रायव्हर ओरडत होता. मी दांडीला धरलं. मला वाटत होतं, नगरला उतरायचंच नाही, स्टँडवरून दिसेल ती गाडी धरायची. राजूर, कोपरगाव, कुठलीही. आजवर असं कधी वाटलं नव्हतं.

मागून मावशीची हाक आली. गल्लीच्या तोंडापर्यंत ती काठी टेकत आलेली, अनवाणी. "इस्तेर! स्टोव्हात राकेल न्हाई गं! मला वाकता येत न्हाई, तेवढं भरून देऊन जा!"

"बाई, बसताय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी दांडी सोडली.

मावशीला हाताला धरून घरी आणलं. चपला काढल्या, मोरीशेजारचा डबा उचलला, नरसाळ्यानं स्टोव्हात रॉकेल भरलं, पिन मारली. मग पेटवलाच आहे तर चहा टाकला, आणि चहा होतोय तोवर दोरीवरचा शर्ट काढून घडी घातली. मावशी म्हणाली, "रैवारी आपल्या बाकावर बस माझ्याजवळ. मला एकटीला बसवत न्हाई." मी हो म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही. पण तिनं सुपातले तांदूळ दोघींपुरते मोजून पातेल्यात घातले.

मी कुठे जाणार नाही, हे तुला इतकी वर्षं ठाऊक होतं, दाविद. ठाऊक नव्हतं ते मला.